पिकअप कुठून येतो? पद्मिनीपासून विरार फाट्यापर्यंत

लोकलच्या गर्दीत हेडफोनमधलं ज्यांना अर्धंच ऐकू येतं त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची ढब थोडी तशीच ठेवली आहे.

आज एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द आहे पिकअप. इंग्रजी शब्द आहे खरा, पण आपण तो केव्हाच आपला करून टाकलाय. गाडी बघायला गेलेला आपला माणूस शोरूममध्ये तीन प्रश्न हमखास विचारतो. एव्हरेज किती देते? मेंटेनन्स काय? आणि पिकअप कसा आहे? शून्य ते शंभर किती सेकंदात, हे यूट्यूबवाले सांगतात. आपल्याला त्याचं फारसं काही नसतं, आणि ते बरोबरच आहे. वसई-विरारमध्ये शून्यावरून शंभरावर जायला मोकळा रस्ता आहे कुठे? एव्हरशाईन ते नालासोपारा जाताना तिसरा गियर पडला तरी नशीब म्हणायचं.

आपल्याला पिकअप लागतो तो वेगळ्या ठिकाणी. विरार फाट्यावर किंवा शिरसाड फाट्यावर तुम्ही हायवेला लागता. त्या क्षणी तुमचा वेग वीस, आणि मागून येणारा ट्रेलर साठने येतोय, त्याच्या मागची कार नव्वदने. साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. तुमच्या गाडीने वेग घ्यायला दोन सेकंद जास्त लावले, की तेवढ्यात ट्रेलर तेहेतीस मीटर पुढे आलेला असतो. दुसरी जागा म्हणजे शिरसाडहून वज्रेश्वरी-अंबाडीकडे जाणारा रस्ता. तिथे पुढे खडीचा डंपर असतो आणि समोरच्या वळणापलीकडून काय येतंय ते दिसत नाही. तिसरी जागा घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ, घरातली पाचही माणसं बसलेली असताना. या तीन जागा डोक्यात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास मी त्यांच्याच मापाने मोजणार आहे.

सुरुवात कुर्ल्यापासून करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग प्रीमियर पद्मिनी बाहेर पडू लागली. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, चार गियर, आणि गियरचा दांडा स्टिअरिंगला. आज चाळीस हा आकडा ऐकून हसू येतं. पण पद्मिनीचं वजनही नऊशे किलोच्या आतच होतं, त्यामुळे टनामागे साधारण पंचेचाळीस हॉर्सपॉवर पडायचे. हा 'टनामागे' हिशेब लक्षात ठेवा. ब्रोशरमध्ये तो छापत नाहीत, पण पिकअप तिथेच असतो.

आमच्या मामांकडे पद्मिनी होती. गायमुखचा चढ दिसायच्या आधीच ते दुसरा गियर टाकायचे आणि इंजिनचा आवाज चढू द्यायचे. चढावर गियर बदलायला गेलं की गाडीची गती मरायची, आणि मेलेली गती परत मिळायची नाही. त्या पिढीतल्या चालकांना टॉर्क हा शब्द माहीत नव्हता, पण कानाला तो अचूक कळायचा. ही गोष्ट मी उगाच सांगत नाहीये. पुढे कामाला येणार आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ मध्ये नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

आता पुण्याकडे जाऊ. टाटांनी १९९१ मध्ये सिएरा आणली आणि १९९८ मध्ये सफारी. घरच्या सगळ्यांना घेऊन जाणारी, उंच बसायची, दणकट दिसणारी गाडी ही कल्पना आपल्याकडे या सफारीने रुजवली. लोक वळून वळून बघायचे. पण बॉनेटखाली काय होतं? १९४८ सीसीचं टर्बो डिझेल, ताकद नव्वदच्या घरात, आणि गाडीचं वजन जवळपास एकोणीसशे किलो. करा भागाकार. टनामागे पंचेचाळीस-सेहेचाळीस. म्हणजे रुबाब राजाचा आणि टनामागचा जोर पद्मिनीएवढाच! त्या काळी 'सफारीला पिकअप नाही' असं जे म्हटलं जायचं, त्याच्यामागचं गणित एवढंच आहे. पुढे २००५ मध्ये मोठं डायकॉर इंजिन आलं आणि त्यानंतर २.२ लिटरचं १४० पीएसचं. तेव्हा कुठे त्या देहाला साजेसा श्वास मिळाला.

'टर्बो' म्हणजे काय हेही एका परिच्छेदात सांगून टाकतो, कारण पुढच्या तक्रारी त्याच्याशीच जोडलेल्या आहेत. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक छोटा पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा आली की जास्त डिझेल जाळता येतं, आणि जास्त डिझेल म्हणजे जास्त जोर. फक्त एक मेख आहे. पंखा जोरात फिरायला वायू जोरात यायला हवा, आणि वायू जोरात यायला इंजिन आधी फिरायला हवं. म्हणून हजार-बाराशे फेऱ्यांवर टर्बो गाडी मठ्ठ वाटते आणि सतराशे-अठराशेच्या पुढे एकदम कुणीतरी मागून ढकलल्यासारखी सुटते. मधला तो मठ्ठपणा म्हणजे टर्बो लॅग.

दुसरा शोध कॉमन रेलचा. एका नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवायचं, आणि प्रत्येक सिलिंडरला किती आणि नेमकं केव्हा द्यायचं ते संगणकाने ठरवायचं. कारमध्ये हे पहिल्यांदा १९९७ मध्ये, इटलीच्या अल्फा रोमिओत आलं. आपल्या राज्याशी याचा संबंध म्हणजे नाशिकचा बॉशचा कारखाना, जुन्या लोकांच्या तोंडी 'मायको'. डिझेलचे नॉझल आणि इंजेक्टर बनवण्यात त्याची हयात गेली. नाशकात मायको सर्कलला उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की पिकअपचा एक धागा या नावाशी येऊन मिळतो!

नाशिकचंच दुसरं नाव म्हणजे महिंद्राची स्कॉर्पिओ. जीप जोडणाऱ्या कंपनीने साधारण सहाशे कोटी रुपयांत स्वतःची नवी गाडी उभी केली, तीही जगातल्या बड्या कंपन्या असल्या कामाला याच्या कितीतरी पट पैसा ओतत असताना. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालच्या टीमचं ते काम. जून २००२ मध्ये गाडी बाजारात आली, २.६ लिटरचं टर्बो डिझेल आणि १०९ हॉर्सपॉवर घेऊन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही त्याच वर्षी पूर्ण खुला झाला. हा योगायोग असेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. त्याआधी शंभरच्या वेगाने तासभर जायला आपल्याकडे रस्ताच नव्हता, त्यामुळे ऐंशीवरून शंभरावर पटकन जाणारी गाडी मागायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. रस्ता आला आणि भूक लागली.

मग सप्टेंबर २०११. चाकणच्या कारखान्यातून एक्सयूव्ही ५०० आली. ज्याला आज आपण फॅमिली क्रॉसओव्हर म्हणतो तशी, मराठी मातीत बनलेली ही पहिली गाजलेली गाडी. क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीपसारखी उंच, पण आतून कारसारखी. खाली ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. सगळं शरीर एकसंध असतं. त्यामुळे त्याच आकाराला वजन कमी लागतं आणि वळणावर डोलणंही कमी. गाडीच्या रूपाची कल्पना चित्त्यावरून घेतली असं कंपनीने सांगितलं होतं. इंजिन २.२ लिटर, १४० हॉर्सपॉवर, आणि ३३० न्यूटन-मीटरचा टॉर्क १६०० फेऱ्यांपासून. या शेवटच्या आकड्यात खरी गंमत आहे. ताकद कितीही असो, ती १६०० वर मिळते की २५०० वर, यावर विरार फाट्यावरचे ते दोन सेकंद अवलंबून असतात.

आता या सगळ्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. तिथे दोन लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन बनू लागलं. २०१७ मध्ये ते जीप कंपासमध्ये आलं तेव्हा ताकद होती १७३ पीएस. जानेवारी २०१९ मध्ये टाटा हॅरियर आली. तेच मूळ इंजिन, नाव वेगळं, ताकद १४० पीएस. वर्षभराने, २०२० च्या सुरुवातीला, हॅरियर बीएस-६ झाली आणि त्याच इंजिनाचे झाले १७० पीएस. टॉर्क तिन्ही वेळा ३५०. तोच लोखंडी ठोकळा, तेच पिस्टन, आणि आकडे तीन!

हे ऐकलं की पोरांच्या डोळ्यांत चमक येते. म्हणजे कंपनीने ताकद लपवून ठेवली होती? चिप मारली की बाहेर येणार? थांबा जरा. इंजिनाच्या संगणकात, ज्याला ईसीयू म्हणतात, एक मोठा तक्ता असतो. इतक्या फेऱ्या, पाय इतका दाबलेला, हवा इतकी गरम, मग डिझेल किती आणि टर्बोचा दाब किती. हा तक्ता बदलला की ताकद बदलते, हे खरंच आहे. पण कंपनी तक्ता बदलते तेव्हा त्याच्याबरोबर कूलिंग, क्लच, गिअरबॉक्स आणि धुराचे नियम यांचाही हिशेब पुन्हा मांडते, चाचण्या होतात, मंजुरी लागते. गल्लीतल्या लॅपटॉपवर तासाभरात होणाऱ्या रिमॅपमध्ये फक्त तक्ता बदलतो. बाकीची गाडी जुनीच राहते.

माझा आतेभाऊ नालासोपाऱ्याला राहतो. सात-आठ वर्षं जुनी, सेकंड हँड घेतलेली डिझेल एसयूव्ही आहे त्याच्याकडे. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. गेल्या वर्षी मला म्हणाला, "अरे, गाडीत जीवच नाहीये. हायवेला लागताना घाम फुटतो. एक जण स्टेज वन मारून देतो म्हणतोय, तीस घोडे वाढतील." मी म्हटलं, "दादा, आधी आहेत ते घोडे कुठे गेले ते बघूया."

एका रविवारी पहाटे आम्ही निघालो. आधी पेट्रोल पंपावर हवा तपासली. चारही टायर कमी, मागचे दोन तर फारच. दाराच्या चौकटीवर कंपनीने किती प्रेशर ते लिहिलेलं असतं, ते त्याने कधी वाचलंच नव्हतं. छतावर गणपतीच्या गावच्या ट्रिपसाठी लावलेला कॅरियर तसाच होता. डिकीत टूलबॉक्स, दोन पाण्याचे कॅन, दुकानाची खोकी. एअर फिल्टर उघडला तर त्याचा रंग वालीवच्या रस्त्यासारखा. पण खरं उत्तर हायवेवर मिळालं. चाळीसवरून ऐंशीवर जायला किती वेळ लागतो ते मी शेजारी बसून फोनवर मोजत होतो. तो नेहमीप्रमाणे पाचव्या गियरमध्ये राहिला आणि पाय दाबला. आकडे संपता संपेनात. मग मी म्हटलं, तिसरा टाक. "इंजिन ओरडेल रे!" ओरडू दे. निम्म्याहून कमी वेळ लागला.

असं का होतं? ज्या १४० च्या इंजिनाबद्दल वर बोललो, त्याचाच हिशेब करू. ३५० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० फेऱ्यांवर मिळतो, म्हणजे त्या क्षणी ताकद होते साधारण ८७ पीएस. पूर्ण १४० मिळतात ३७५० फेऱ्यांवर. आणि पाचव्या गियरमध्ये पन्नासच्या वेगाने चाललेलं इंजिन हजार-बाराशेवर असतं, जिथे टर्बोला अजून जागही आलेली नसते. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले तिच्यातली अर्ध्याहून जास्त तुम्ही वापरतच नाही. एव्हरेजच्या नादात आपण लवकर वरचा गियर टाकायची सवय लावून घेतली, आणि ती सवय फाट्यावर नडते. मामा गायमुखच्या आधी दुसरा टाकायचे, ते याचसाठी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर वेग लागायच्या जरा आधी पाय खोल दाबा किंवा मॅन्युअल मोडमध्ये एक गियर खाली घ्या. ट्रेलर आरशात दिसल्यावर दाबला तर गिअरबॉक्सला विचार करायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्याकडे नसतो.

वजनाचं गणितही सोपं आहे. चालकासकट सतराशे किलोच्या गाडीला चाळीसवरून ऐंशीवर जायला सहा सेकंद लागत असतील, तर चार माणसं आणि सामान मिळून चारशे किलो वाढल्यावर तेवढ्याच ताकदीत साडेसातच्या जवळ लागतात. दीड सेकंद गेला. आणि हा दीड सेकंद नेमका तेव्हा जातो जेव्हा गाडीत सगळं घर बसलेलं असतं. घरच्यांना घेऊन निघाल्यावर ओव्हरटेकचा अंदाज एकट्याच्या सवयीने घ्यायचा नाही, एवढं जरी आजच्या भागातून घेतलंत तरी चालेल.

बाकीचे उपाय पटापट सांगतो. मोठे, जड अलॉय आणि रुंद टायर टाकले की गाडी फोटोत छान दिसते आणि पिकअप कमी होतो. पिकअप वाढवतो म्हणून विकला जाणारा पेडलचा डबा ताकद तसूभरही वाढवत नाही. तो फक्त अर्धा पाय दाबल्यावर पाऊण दाबल्याचं इंजिनाला सांगतो. तेच काम तुमचा पाय फुकट करतो. एसी कॉम्प्रेसर थोडी ताकद खातो, पण आपल्या मे महिन्यात तो बंद करा असं सांगायची माझी हिंमत नाही.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट मात्र नीट ऐका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती जाळी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही काळ बऱ्यापैकी वेगात, सलग, गरम चालावी लागते. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, आणि मध्ये रेल्वे पुलावर वीस मिनिटं उभं राहणं, या आयुष्यात तिला ती संधीच मिळत नाही. जाळी तुंबली की गाडी दमते. म्हणून अधूनमधून हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवून आणायची. आणि तुमचं रोजचं चालवणं फक्त स्टेशनपर्यंतच असेल तर, खरं सांगतो, डिझेल घेऊच नका.

आणि ते बाहेरून लावायचे एअर इनटेक. थंड हवा मिळावी म्हणून काही जण त्याचं तोंड खाली बंपरजवळ आणतात. मंडळी, आपण वसई-विरारला राहतो. जुलै २०१८ आठवतो ना? नालासोपाऱ्याला रुळ पाण्याखाली, गाड्या बंद, सोसायट्या बेटं झालेल्या. अशा शहरात इंजिनाचं नाक खाली आणायचं? पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. कंपनीने ते तोंड वर ठेवलंय, तिथेच राहू द्या.

रिमॅपचं काय, हे विचारणारच तुम्ही. वॉरंटी जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या दिवशी कसा अंगावर येतो, ते एजंटला विचारून बघा. माझं मत विचाराल तर फॅमिली गाडीला रिमॅप करू नये. आतेभावाने कॅरियर काढला, फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा भरली, आणि आता फाट्यावर तिसऱ्यात लागतो. तीस घोडे वाढले की नाही माहीत नाही, पण त्याने ते पैसे मागच्या टायरांवर घातले.

आता त्या रस्त्याबद्दल बोलायलाच हवं, कारण गाड्यांचा इतिहास जितक्या वेगाने पुढे गेला तितका रस्त्याचा गेला नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८, आताचा ४८. वसई खाडीवरच्या जुन्या वर्सोवा पुलाला तडे गेल्याचं २०१३ च्या अखेरीस कळलं आणि अवजड वाहनं महिनोन्‌महिने बंद होती. शेजारचा नवा पूल खुला व्हायला २०२३ उजाडलं. २०२४ मध्ये डांबरावर काँक्रीटचा थर टाकायचं काम निघालं, आणि तेव्हाची कोंडी ज्यांनी भोगली त्यांना मी काय सांगणार. या रस्त्यावर एका लेनचा वेग वीस आणि शेजारच्या लेनचा नव्वद असू शकतो. ट्रक उजवी लेन सोडत नाहीत, म्हणून कारवाले डावीकडून काढतात. तिथेच पिकअपची चटक माणसाला फसवते.

४ सप्टेंबर २०२२. आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर. उदवाड्याहून मुंबईकडे येणारी मर्सिडीज जीएलसी २२० डी. मध्यम आकाराची क्रॉसओव्हरच ती, चाकणला जुळणी होणारी, १९४ हॉर्सपॉवरच्या आसपासची. आज आपण ज्या ज्या गाड्यांबद्दल बोललो त्यांतल्या बहुतेकींपेक्षा तिचा पिकअप सरस. पुलापाशी तीन लेनच्या दोन होत होत्या. गाडी कठड्यावर आदळली. मागच्या सीटवर बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार, धडकेच्या पाच सेकंद आधी वेग शंभर होता आणि आदळताना ८९. मागच्या सीटला बेल्ट लावणं कायद्याने तेव्हाही सक्तीचंच होतं. चर्चा मात्र त्या दिवसानंतर सुरू झाली.

वेग घेणं आणि वेग सोडणं ही एकाच गणिताची दोन टोकं आहेत. ऐंशीऐवजी शंभरने चाललात तर वेग फक्त पंचवीस टक्के वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा छप्पन टक्के वाढते. म्हणून पिकअपवर खर्च करायचे दहा हजार हातात असतील, तर माझ्या हिशेबाने ते आधी टायर आणि ब्रेक पॅडवर जावेत. आतेभावाला पटलं, तुम्हाला पटतंय का बघा.

आणि आता नवं प्रकरण सुरू झालंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने चाकणच्याच दोन इलेक्ट्रिक गाड्या दाखवल्या, त्यातल्या बीई ६ चा दावा आहे शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत. जून २०२५ मध्ये हॅरियरचा इलेक्ट्रिक अवतार आला. चारही चाकांना जोर देणाऱ्या मॉडेलचा दावा ६.३ सेकंद. इथे टर्बो लॅग नाही, गियर नाही, फेऱ्या वाढायची वाट बघणं नाही. मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. बॅटरीमुळे वजन भरपूर वाढतं, तरी पिकअप असा, की पहिल्यांदा पाय दाबणाऱ्याची मान मागे जाते. पद्मिनीच्या चाळीस हॉर्सपॉवरवर चालवायला शिकलेल्यांची नातवंडं आता लायसन्स मिळाल्याच्या आठवड्यात हे चालवणार. अशी गाडी घरात आली असेल तर पहिले काही महिने ती इको मोडमध्ये ठेवा. त्या मोडमध्येही विरार फाट्यावर लागायला ती पुरून उरते.

इलेक्ट्रिक मोटरचा जागेवरून मिळणारा जोर विरारकरांना तसा नवा नाही म्हणा. २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर सीमेन्सच्या यंत्रणेचे नवे रेक आले, २०१२ मध्ये आपल्या मार्गाचं डीसीवरून एसीवर जाणं पूर्ण झालं, आणि दारात लटकणाऱ्यांच्या हाताला तो फरक आधी कळला. पुढचा भाग त्यावरच: विरार फास्टचा पिकअप. तोपर्यंत तुमच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरचा टायर प्रेशरचा आकडा वाचा, आणि प्रत्यक्षात किती निघालं ते मला कळवा.